जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

लढाईत जखमी झालेल्यांपैकी किती जणांना, कोणत्या प्रकारचं आणि किती काळ पुनर्वसन लागेल, हे कुणालातरी आधी सांगावं लागतं. त्यावरून खाटा ठरतात, फिजिओथेरपिस्टची भरती ठरते, कृत्रिम पायांच्या सुट्या भागांची मागणी जाते. असे अंदाज बांधणाऱ्यांच्या फाइली तपासणं हे बरीच वर्षं माझं काम आहे. माणसं बदलतात, सॉफ्टवेअर बदलतं, चुका मात्र त्याच. हल्ली तर नवीन आलेला मुलगा पहिल्याच दिवशी विचारतो, "सर, कोणतं मॉडेल लावू?" मॉडेल म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज काढणारा प्रोग्राम. नेमका कशाचा अंदाज हवाय, हे त्यानं अजून विचारलेलं नसतं.

जखम जितकी गंभीर, तितकं पुनर्वसन जास्त, असं धरून चालणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती हुशार माणसंही करतात. कारण सोपं आहे. जखमेची गंभीरता आयती मिळते. जवळपास प्रत्येक नोंदवहीत आयएसएस नावाचा रकाना भरलेला असतो, मग तोच उचलायचा आणि आलेख काढायचा.

हा आयएसएस 1974 साली आला, आणि तो बेतला होता रस्त्यावरच्या अपघातांतल्या जखमींवर. शरीराचे सहा भाग करायचे, प्रत्येक भागातल्या सर्वांत वाईट जखमेला 1 ते 6 गुण द्यायचे, त्यातले वरचे तीन घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज करायची. जास्तीत जास्त 75. माणूस जगेल की जाईल, याच्याशी हा आकडा चांगला जुळतो. जगल्यावर त्याला शर्टाची बटणं लावता येतील का, हे त्याला कधी विचारलेलंच नव्हतं.

दोन जवान समोर ठेवा. एकाची प्लीहा फाटली, जखमेला 4 गुण, म्हणजे आयएसएस 16. शस्त्रक्रिया झाली, पुढे गुंतागुंत झाली नाही तर काही आठवड्यांत तो स्वतःच्या पायांनी घरी जातो. दुसऱ्याच्या कोपराजवळ छर्रा लागून हाताची नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली. गुण 2, आयएसएस 4. कागदावर किरकोळ. नस शिवली तरी ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगानं पुन्हा वाढत पुढे सरकते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा आणि किती महिने लागतील ते तुम्हीच काढा. त्या सगळ्या काळात बोटं आखडू नयेत म्हणून स्प्लिंट (आधाराची पट्टी), हाताचे व्यायाम, संवेदना परत शिकवणं, आणि इतकं करूनही पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही. गंभीरतेवर बांधलेल्या अंदाजात हा माणूस दिसतच नाही, आणि मग रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या दारात रांग कशी लागली म्हणून बैठका घेतल्या जातात.

आणखी एक गोम आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. मूळ आयएसएसमध्ये एका भागातली एकच जखम धरतात. हातपाय मिळून एक भाग. म्हणजे गुडघ्यावरून एक पाय गेला काय आणि दोन्ही गेले काय, दुसऱ्या पायाला वेगळे गुण नाहीत. ज्या स्फोटात दोन्ही पाय, एक हात आणि ओटीपोटाखालचा भाग एकदम जातो, त्या जखमेपुढे हा हिशेब अगदीच तोकडा पडतो. म्हणून 1997 मध्ये एनआयएसएस आला. त्यात भाग न बघता सर्वांत वाईट तीन जखमा धरतात. सैनिकी जखमांसाठी गुणांच्या यादीची वेगळी आवृत्तीही निघाली. सुधारणा नक्कीच आहे, पण मोजमाप अजूनही जिवाच्या धोक्याचंच.

बरं, मग काय मोजावं? क्षमता मोजा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्ये त्यासाठी आयसीएफ नावाची चौकट दिली: शरीर काय गमावतं, माणसाला काय करता येत नाही, आणि कशात भाग घेता येत नाही, हे वेगवेगळं बघा. रोजच्या वापरात एफआयएम आहे, माणूस रोजची कामं कितपत स्वतः करतो ते मोजणारी पट्टी: 18 बाबी, प्रत्येकी 1 ते 7, एकूण 18 ते 126. बार्थेल नावाची तशीच पट्टी तर 1965 पासून आहे, 0 ते 100. मात्र इथेही डोळे उघडे ठेवा. या मोजपट्ट्या जेवण, आंघोळ, कपडे, जिना, फार तर बोलणं-समजणं-आठवणं एवढ्यावर थांबतात. पंचविशीतला, व्यायामानं कमावलेल्या अंगाचा जवान बार्थेलमध्ये भराभर शंभराला पोचतो आणि शीटमध्ये त्याच्यापुढे "पूर्ण बरा" असं येतं. त्याला पाठीवर वजन घेऊन चढ चढायचाय, किंवा दिवसाचे आठ तास उभं राहून नोकरी करायचीय, हे त्या शंभरात कुठेच नाही.

माझी सवय साधी आहे. आधी गुण बाजूला ठेवतो आणि हातानं गट पाडतो: पाय गुडघ्याखालून गेलेले, गुडघ्यावरून गेलेले, दोन्ही गेलेले, पाय मोडूनही वाचवलेले, मणक्याचे, मेंदूला मार लागलेले, भाजलेले, हाताच्या नसांचे, डोळ्याकानांचे. एकाच माणसाचं नाव तीन गटांत आलं तर येऊ देतो. उलट तशांची वेगळी यादी करतो, कारण ज्याला पाय नाही आणि ज्याला शिकवलेलं दुपारपर्यंत आठवत नाही, त्याला कृत्रिम पायावर चालायला शिकवणं हे दोन वेगवेगळ्या रुग्णांची बेरीज करून कळत नाही. अमेरिकेनं 2005 पासून अशा एकत्रित जखमांसाठी पॉलिट्रॉमा केंद्रं वेगळी काढली ती याचमुळे. मग प्रत्येक गटासाठी त्या वॉर्डातल्या थेरपिस्टला विचारतो: याच्यापाशी रोज कोण बसतं, किती वेळ, किती महिने? हे विचारायला कुणाला कमीपणा वाटत असेल तर त्यानं अंदाज बांधण्याच्या भानगडीत पडू नये.

"पाय वाचवलेले" या गटावर बोट ठेवून सांगतो. नवशिक्यांच्या शीटमध्ये पाय कापलेला म्हणजे जास्त गरज आणि पाय वाचलेला म्हणजे कमी, असं ठरलेलंच असतं. इराक आणि अफगाणिस्तानात पायाला जबर मार लागलेल्या 324 अमेरिकन सैनिकांचा मेटल्स नावाचा अभ्यास 2013 मध्ये आला. त्यात पाय कापावा लागलेल्यांची हालचाल आणि रोजची कामं पाय वाचवलेल्यांपेक्षा चांगली निघाली, मानसिक आघाताचं प्रमाणही कमी. याचा अर्थ पाय कापा असा नाही, दोन गट मुळात सारखे नसतात. पण वाचवलेला पाय म्हणजे वारंवार शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, ताठर घोटा, खास ब्रेस आणि न संपणारं दुखणं. शिवाय यातल्या काहींचा पाय कित्येक महिन्यांनी स्वतःच्याच निर्णयानं कापला जातो. तेव्हा तो माणूस एका गटातून उठून दुसऱ्या गटात येतो आणि पुनर्वसन पहिल्यापासून सुरू होतं. तुमच्या शीटमध्ये ही वाट आहे का, ते बघा. बहुधा नसते.

उत्तर बघून भाकीत करणं

एका रुग्णालयात एका तरुण विश्लेषकानं मोठ्या उत्साहानं मॉडेल दाखवलं. जखमी आला की त्याला भरती होऊन पुनर्वसन लागेल का, हे सांगणारं. अचूकता नव्वदीच्या पुढे. खोलीतले साहेब लोक खूश, पुढच्या वर्षाच्या खाटा त्यावरूनच ठरवायच्या असं निम्मंअर्धं ठरलंही. मी एकच विचारलं: हे मॉडेल बोलतं कोणत्या दिवशी? जखमी विमानातून उतरला त्या दिवशी, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर, की डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी?

उत्तर आलं नाही. मग रकान्यांची यादी मागवली. वरच्या काही रकान्यांतच सगळं बाहेर आलं. व्हीलचेअरची मागणी नोंदवली का. स्टंपला, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाला, दाबपट्टी सुरू केली का. एकूण मुक्काम किती दिवस. ही सगळी माहिती पुनर्वसनाच्या डॉक्टरनं रुग्ण बघितल्यावरच तयार होते. म्हणजे डॉक्टरनं ठरवायचं, कारकुनानं लिहायचं, आणि मॉडेलनं तेच वाचून दाखवायचं. ते रकाने काढल्यावर अचूकता अशी घसरली की पोराचं तोंड उतरलं. "सर, आधीचंच ठेवलं तर नाही का चालणार?" असंही त्यानं विचारलं. चाललं असतं. फक्त विमानातून उतरणाऱ्या माणसाजवळ त्यातली एकही नोंद नसते, त्यामुळे ज्या दिवशी अंदाज हवा त्याच दिवशी मॉडेल मुकं झालं असतं.

खरी गंमत पुढे होती. शीटमध्ये पुष्कळ जणांपुढे "पुनर्वसन नको" असं होतं. त्यातल्या मूठभर फाइली कागदावर काढून वाचल्या. निम्म्याहून जास्त ठिकाणी पुनर्वसनाच्या डॉक्टरनं रुग्ण पाहिलाच नव्हता. कुणी सुट्टीच्या दिवसांत आला आणि गेला, कुणी दूरच्या वॉर्डात होता. रकाना रिकामा होता, आणि प्रोग्रामनं रिकाम्याचा अर्थ "नको" असा लावला होता. जिथे थेरपिस्ट नाही तिथे गरजही नाही, असा निष्कर्ष त्या मॉडेलनं मन लावून शिकून घेतला होता.

हे फक्त त्या रुग्णालयाचं दुखणं नाही. पूर्वी किती सेवा दिली यावरून किती लागेल हे काढलं की जुनी टंचाई नव्या आराखड्यात जशीच्या तशी उतरते. स्पीच थेरपिस्ट कधी नेमलाच नसेल तर त्याची मागणी शून्य दिसणारच. म्हणून मी दोन गोष्टींवर अडून बसतो. पहिली, शीटच्या माथ्यावर लिहायचं: "हा अंदाज अमुक क्षणी उपलब्ध माहितीवर." त्या क्षणानंतर भरलेला एकही रकाना आत येता कामा नये, मग तो कितीही गोड दिसो. दुसरी, रिकामी नोंद आणि नकार हे वेगळे ठेवायचे. याला वेळ लागतो. घाई असलेल्यांना ते आवडत नाही, आणि घाई असलेल्यांचीच शीटं मला पुन्हा तपासावी लागतात.

डोकी मोजून खाटा काढणं

चार ओळींचं गणित आहे, तरी चुकतं. भरलेल्या खाटा म्हणजे रोज येणारे गुणिले सरासरी मुक्काम. रोज 4 जण येत असतील आणि मुक्काम 60 दिवसांचा असेल तर 240 खाटा. येणारे तेवढेच राहिले आणि मुक्काम 90 दिवसांवर गेला तर 360. एकही जखमी वाढला नाही, तरी 120 खाटा वाढल्या. सगळी भांडणं येणाऱ्यांच्या आकड्यावर होतात आणि मुक्काम कुठल्यातरी जुन्या अहवालातून उचललेला असतो. शिवाय जखमी रोज चार असे शिस्तीत येत नाहीत. आठवडाभर कुणी नाही आणि मग एका रात्रीत तीस. सरासरीवर बेतलेला वॉर्ड त्या रात्री कोसळतो.

बाह्यरुग्ण तर हिशेबातून सुटतातच. 2007 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या वॉल्टर रीड सैनिकी रुग्णालयाचं प्रकरण वर्तमानपत्रात गाजलं, ते वॉर्डांतल्या उपचारांवरून नव्हे. खाट सुटलेले, पण उपचार आणि कागदपत्रं संपायची वाट बघत महिनोन्‌महिने आवारात आणि आसपास राहणारे जखमी हा तिथला मुद्दा होता, आणि दाखल असलेल्यांपेक्षा त्यांची संख्या कित्येक पटींनी जास्त होती. डिस्चार्ज हा शब्द दिसला की शीटमधली ओळ बंद करणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मागच्या लढाईचे आकडे पुढच्या लढाईला लावणं

अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्यानं 2005 या आर्थिक वर्षासाठी धरलं होतं की इराक-अफगाणिस्तानातून परतलेले 23,553 जण उपचारांसाठी येतील. वर्ष निम्म्यावर गेल्यावर तो आकडा 1,03,000 करावा लागला. अंदाजाचा पाया 2002 च्या माहितीवर होता, म्हणजे इराकचं युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या. पैशात अब्जावारी डॉलरची खोट आली आणि संसदेला मध्येच जादा तरतूद करावी लागली. गणित चुकलेलं नव्हतं. पायाभूत वर्ष चुकलं होतं, आणि ते कुणी बदललं नाही.

जखमांचा साचा तर त्याहून वेगानं बदलतो. वाहनातून फिरणाऱ्या तुकडीच्या जखमा वेगळ्या, पायी गस्त घालणाऱ्या तुकडीच्या वेगळ्या. अफगाणिस्तानात पायी गस्ती वाढल्या तेव्हा, 2010-11 च्या सुमारास, दोन्ही पाय गुडघ्यावरून गेलेले आणि जननेंद्रियांना इजा झालेले जखमी इतके वाढले की अमेरिकी सैन्याला त्यावर वेगळी समिती नेमावी लागली. त्याआधी 2009 मध्ये गंभीर जखमीला साठ मिनिटांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचवायचा आदेश निघाला होता. जे पूर्वी वाटेत दगावले असते ते वाचले, आणि वाचले म्हणून पुनर्वसनाच्या दारी आले. मृत्यू घटले की पुनर्वसनाची गरज वाढते. हे वाक्य मी दर बैठकीत म्हणतो आणि दर बैठकीत कुणीतरी चमकून बघतं.

याच आकड्यांचा उलटा गैरवापरही होतो. हेलिकॉप्टर तासाभरात येतं अशा लढाईची टक्केवारी, जिथे हेलिकॉप्टर उडूच शकत नाही तिथे लावतात. युक्रेनमध्ये ड्रोनच्या टेहळणीमुळे जखमींना मागे न्यायला तासन्‌तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळलेला पट्टा, दोन तासांच्या आत सोडवायचा असतो, तो तिथे कितीतरी जास्त वेळ आवळलेला राहतो. रक्त थांबतं, जीव वाचतो, पण पाय हातचा जाऊ शकतो. अशा ठिकाणी माझा पहिला प्रश्न शस्त्रं कोणती हा नसतो, जखमी मागे यायला किती वेळ लागतो हा असतो.

पहिल्या महिन्याचं चित्र शेवटचं मानणं

वॉल्टर रीडमध्येच भरती झालेल्या 613 गंभीर जखमी सैनिकांचा एक अभ्यास 2006 मध्ये छापून आला. एका महिन्यानंतर मानसिक आघाताची लक्षणं 4.2 टक्के जणांत दिसली, सात महिन्यांनी 12 टक्क्यांत. त्याहून महत्त्वाचं: सातव्या महिन्यात ज्यांना आघाताचा किंवा नैराश्याचा त्रास होता, त्यांच्यातले जवळजवळ 79 टक्के पहिल्या महिन्याच्या तपासणीत "ठीक" होते. पहिल्या महिन्यात माणूस जगल्याच्या आनंदात असतो, घरचे भोवती असतात, दुखण्याची औषधं चालू असतात. त्या तपासणीवरून समुपदेशकांची संख्या ठरवणाऱ्याला मी ती शीट परत करतो, शेरा न मारता.

स्टंपचंही तसंच. स्फोटात पाय गेलेल्यांच्या स्टंपमध्ये नको तिथे हाड वाढतं, आणि सैनिकांच्या अभ्यासांत हे साठ टक्क्यांहून जास्त स्टंपमध्ये आढळलंय. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण ज्यांना होतो त्यांचं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंपवर चढवायचा खोलगट भाग, बसेनासं होतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा नवं सॉकेट. मुळात पहिल्या वर्षात स्टंप आकसत असल्यामुळे सॉकेट बदलावीच लागतात. "एक माणूस, एक कृत्रिम पाय" अशी मागणी पाठवणारे अजून आहेत. त्या माणसाचं वय बावीस असतं, आणि पाय काही वर्षांनी झिजणार असतो.

बाकीच्या, थोडक्यात

बेशुद्धीचा ग्लासगो आकडा श्वासासाठी नळी घातलेल्या, गुंगीचं औषध दिलेल्या माणसाचा घेऊ नका. मेंदूच्या जखमेत नंतरचा विस्मृतीचा काळ किती लांबला, ते पुढचं जास्त चांगलं सांगतं.

मणक्याच्या रुग्णाची पहिल्या तासातली तपासणी अंदाजासाठी वापरू नका. निदान 72 तास थांबा, तोवर मज्जारज्जूला बसलेला सुरुवातीचा शॉक ओसरू लागतो आणि कुठली संवेदना खरंच गेलीय ते कळतं.

मेंदूला "सौम्य" मार हा शब्द वाचून ओळ पुसू नका. अमेरिकी सैन्यात नोंदलेल्या मेंदूच्या इजांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त सौम्यच आहेत. त्यातले बहुतेक आपोआप सावरतात, पण मूळ संख्या इतकी मोठी की न सावरलेल्यांचंही बाह्यरुग्ण दालन भरतं.

कान विसरू नका. अमेरिकेत माजी सैनिकांना भरपाई मिळणाऱ्या व्याधींत कानात सतत आवाज येणं सर्वांत वर आहे. पाय गेलेल्या माणसाच्या फाइलीत ऐकण्याच्या तपासणीचा कागद कोरा सापडतो, आणि थेरपिस्टच्या सूचना त्याला नीट ऐकू येत नाहीत हे कित्येक आठवड्यांनी कळतं.

शंभर-दोनशे ओळींच्या माहितीवर न्यूरल नेटवर्कसारखं अवजड मॉडेल चालवू नका. साधा तक्ता करा.

मॉडेल तपासताना माहिती यादृच्छिक वाटून अर्धी शिकायला, अर्धी तपासायला देऊ नका. आधीच्या वर्षांवर शिकवा, नंतरच्या वर्षावर तपासा. खरा वापर तसाच होणार असतो.

एकच आकडा देऊ नका. मी तीन देतो: लढाई आहे तशी चालली तर, पेटली तर, थांबली तर. तिसऱ्याला सगळे हसतात. पण शस्त्रसंधी झाली की जखमी यायचे थांबतात, आलेले तसेच राहतात, आणि आजवर रजा न मिळालेले, दुखणं दाबून लढत राहिलेले सगळे एकदम तपासणीला येतात.

आणि पाठपुराव्यातून गळालेले "बरे झाले" म्हणून मोजू नका. जे फोन उचलत नाहीत त्यांची यादी वेगळी काढा, पत्त्यावर माणूस पाठवा, आणि तोवर त्यांना "माहीत नाही" या रकान्यात ठेवा. तो रकाना मोठा दिसला तर दिसू द्या.